वनाच्या नावाचं पत्र

कुंदाबाईंनी जळगावच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरांची गिचमिड अक्षरं लावता लावता त्यांची नजर अशी तयार झाली होती, की डॉक्टरची चिठ्ठी त्या औषधवाल्याच्या आधी वाचत. निवृत्तीनंतर हा हुन्नर वाया जातोय हे सून मयुरीला बघवेना. अमेरिकेतलं एक ग्रंथालय जुनी हस्तलिखित पत्रं इंटरनेटवरून स्वयंसेवकांकडून उतरवून घेत होतं. मयुरीने सासूबाईंचं नाव तिथे नोंदवून टाकलं.

त्यांच्या वाट्याला आली ल्यूसिंडा. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या व्हर्जिनियातल्या एका बड्या जमीनदाराची मुलगी. लग्न होऊन नदीपलीकडे गेलेली आणि माहेरी थोरल्या भावाला, नॅथनला, दर आठवड्याला लिहिणारी. कागद भरला की तोच आडवा धरून त्यावर पुन्हा लिही. एकेका पानाला कुंदाबाईंची सकाळ जाई. पण वाचताना त्यांना हसू फुटे. लेकाचे दात, घोड्याची खोड, सासूचा खोकला, सगळं त्यात असे. शेवटी दर वेळी भावावर तक्रार, की तू फार कमी लिहितोस.

वाचता वाचता कुंदाबाईंना आपला भाऊ आठवे. निंबाभाऊ पिंपळनेरजवळ मळ्यात राहत. अलीकडे त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलेलं. फोनवर "बरं शे ना? मंग बरं," एवढं म्हणून ते ठेवून देत. एक दिवस कुंदाबाईंनी पोस्टातून अंतर्देशीय पत्रं आणली आणि ल्यूसिंडासारखंच भावाला लिहायला घेतलं. गच्चीवर वाळत घातलेले पापड, नातवाची परीक्षा, शेजारणीचं नवं स्वयंपाकघर, जे सुचेल ते. आठवड्याने उत्तर आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. फोनवर चार शब्द न बोलणाऱ्या माणसाने गायीच्या बाळंतपणावरच दीड पान लिहिलं होतं. कुंदाबाईंनी ते मयुरीला दोनदा वाचून दाखवलं.

असं वर्षभर चाललं. मग माघात एका पत्रात ल्यूसिंडाचं एक वाक्य आलं: नदीला पूर आहे, पण सॅम्सन हे पत्र पोहोचवेलच. हा सॅम्सन त्या घराण्याचा गुलाम. तिची पत्रं इकडून तिकडे तोच नेई. पुढच्या पत्रात काय असेल म्हणून कुंदाबाईंनी घाईने पान उघडलं, तर त्यात आलुबुखाराच्या मुरंब्याची कृती. सॅम्सनचं नाव नाही. त्याच्या पुढच्या पत्रातही नाही. इतक्या मायेने लिहिणाऱ्या बाईला तो सुखरूप पोहोचला का हे विचारावंसंही वाटलं नाही, हे कुंदाबाईंना लागलं. त्यांनी भावाला तसं कळवलं.

भावाचं उत्तर या वेळी अर्ध्याच पानाचं होतं. "तू धुळ्याला वसतिगृहात होतीस तेव्हा आईचे लाडू आणि माझ्या चिठ्ठ्या कोण आणायचा? आपला सालदार वना. त्याच्याबद्दल तू तरी कधी विचारलंस? मीही नाही. तो अजून आहे. त्याच्या घरी जाऊन आलो."

वर्षाच्या बोलीवर राबणारा तो उंच गडी कुंदाबाईंना आठवला. त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, पण त्या त्याला नुसतं वना म्हणायच्या. वसतिगृहाच्या फाटकात डबा दिला की तो उत्तरासाठी थांबे, आणि त्या मैत्रिणींना लाडू वाटून, गप्पा मारून, सावकाश लिहायला बसत. तो जेवलाय का, हे एकदाही विचारल्याचं त्यांना आठवेना.

पुढच्याच रविवारी त्या धुळ्याहून साक्रीमार्गे जाणारी गाडी धरून पिंपळनेरला उतरल्या. निंबाभाऊ स्टँडवर न्यायला आले होते. वनाच्या अंगणात नात दिपमालाने खाट टाकली. वना आता वाकला होता, पण त्याने लगेच ओळखलं. कुंदाबाईंनी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, तेव्हा तुला किती वेळ ताटकळत ठेवायचे मी? तो हसला. लिंबाखाली सावली चांगली होती म्हणाला. कधी शेवटची एसटी चुके, मग स्टँडवर मुक्काम. घरी परतलं, की निंबाभाऊ कुंदाचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवत, त्यात घरच्या सगळ्यांची विचारपूस असे, आणि तो दाराशी उभा राहून ऐके.

"बठ्ठासनं नाव ये," तो म्हणाला. "गायनं बी ये. मन्हं कधी ऊनं नही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. निंबाभाऊंना शब्द ऐकू गेले नव्हते, पण बहिणीचा चेहरा पाहून त्यांनी मान खाली घातली. कुंदाबाईंनी वनाचा हात हातात घेतला.

"चुकलं माझं, वनाभाऊ," त्या म्हणाल्या.

भाऊ म्हटल्यावर तो जरा अवघडला. मग त्याने नातीला चहा ठेवायला सांगितलं आणि ताई आज जेवूनच जाईल असंही बजावलं. दुपारी तिघं एका ओळीत जेवायला बसले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. ऊन उतरेपर्यंत जुन्या गोष्टी निघाल्या. निंबाभाऊंना ऐकू जावं म्हणून दिपमाला प्रत्येक गोष्ट त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगत होती.

जळगावला परतल्यावर कुंदाबाईंनी पहिलं पत्र वनाच्या नावाने टाकलं. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव, आत "प्रिय वनाभाऊ". परतीच्या प्रवासात शेजारच्या बाईने दिलेल्या बोरांपासून मयुरीच्या नव्या नोकरीपर्यंत सगळं त्यांनी लिहिलं. तुम्ही आणलेल्या लाडवांतला एकही मी कधी तुम्हाला दिला नाही, तेही लिहिलं.

बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर दिपमालाचं, बोलणं आजोबांचं:

"चिठ्ठी भेटनी. बठ्ठासले वाची दाखाडी. आखो एक लिख."