आखूड दोरा वर, लांब दोरा काखेकडे

मित्रांनो, मी एक जुना, झाकणाचा स्टीलचा डबा आहे. लगेच नाक मुरडू नका! कारखान्यात माझ्याबरोबर घडलेली भावंडं जेवणाचे डबे झाली, मला मात्र इस्पितळात नोकरी लागली. सुरुवातीला मी चांगलाच खट्टू झालो होतो.

माझं काम असं. स्तनातली कर्करोगाची गाठ काढली की सर्जनबाई ती माझ्यात ठेवतात आणि मावशी मला जिन्याने खालच्या तपासणीच्या खोलीत नेतात. तिथले डॉक्टर गाठीभोवतीची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कड स्वच्छ दिसली तर रोग निघाला म्हणायचं. कडेवरच रोग दिसला तर तो आत थोडा उरलेला असू शकतो. पेशंट टेबलावर झोपलेली असतानाच हे कळायला हवं, म्हणून मावशी मला घेऊन निघाल्या की वाटेत गप्पा मारायला थांबत नाहीत. आता कुठली कड शरीराच्या कुठल्या बाजूची, हे नुसत्या गोळ्याकडे पाहून भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून सर्जनबाई त्याला दोन दोरे बांधतात. आखूड दोरा वरच्या कडेला, लांब दोरा काखेकडच्या कडेला.

एकदा गाडीताई आल्या. त्या शाळेची गाडी चालवायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. त्यांचं एक ऑपरेशन दुसरीकडे झालेलं होतं. टाके सुकत आले आणि मग रिपोर्ट आला, की कडेला रोग उरलाय. भूल देण्याआधी त्या सर्जनबाईंना म्हणाल्या, "बाई, काय कापायचं ते आज कापा. पण घरी गेल्यावर पुन्हा बोलावू नका हो. माझ्यात आता तिसऱ्यांदा इथं झोपायचं बळ नाही."

कापून काढलेला भाग माझ्यात आला आणि आम्ही खाली पोहोचलो. झाकण उघडून डॉक्टर बघतात तो काय, दोन्ही दोरे सारखेच!

"यातला आखूड कुठला?" त्यांनी विचारलं.

"हा असेल, सर," त्यांची मदतनीस म्हणाली.

"असेल-बिसेल नको. मी वर जाऊन येतो."

आमचे डॉक्टर म्हणजे चहासाठीसुद्धा खुर्ची न सोडणारा माणूस! पण त्या दिवशी ते मला छातीशी धरून धापा टाकत जिना चढले. बाहेर बाकावर गाडीताईंचे यजमान आणि नणंद बसले होते. डबा परत वर निघालेला पाहून यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला.

"डॉक्टर, हिचं काही बिघडलं का?"

"नाही हो. मला फक्त एक बाजू विचारायचीय."

आत सर्जनबाईंनी दोरे पाहिले आणि जीभ चावली. "चूक माझी. टोकं मीच कापली." त्यांनी तो तुकडा जखमेशी जुळवून पाहिला. "हा वरचा." मग दुसऱ्या दोऱ्याला त्यांनी खुणेची गाठ मारली. "आणि हा काखेकडचा."

मग खाली प्रत्येक कडेला वेगळा रंग लावला, तुकडे गोठवून पातळ कापले. डॉक्टर बराच वेळ मान वर करेनात. शेवटी त्यांनी फोन उचलला. "काखेकडच्या कडेला रोग आहे. बाकीच्या स्वच्छ."

सर्जनबाईंनी नेमका तिथलाच आणखी एक काप घेतला. मी पुन्हा खाली गेलो. या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि फोनवर जवळजवळ ओरडलेच, "स्वच्छ! शिवून टाका!" मावशींनी मला इतकं घासलं की मी नव्यासारखा चमकलो. मला खरंच खूप हायसं वाटलं.

पुढे पक्का रिपोर्ट आला. सर्जनबाई म्हणाल्या, "सगळ्या कडा स्वच्छ. औषधं घ्यायची, तपासायला यायचं. पण आता कापाकापी नाही."

गाडीताई नवऱ्याला म्हणाल्या, "चला हो. मला सपाटून भूक लागलीय." आणि नणंदबाईंना रडू आवरेना.

मित्रांनो, आता पारदर्शक प्लास्टिकचे डबे आलेत. मी कपाटात मागे पडून असतो. मला अधूनमधून पुसलंत तर बरंच वाटेल, पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही मोठेपणी कुठलंही काम करा. खात्री नसेल तेव्हा "असेल" म्हणून पुढे जाऊ नका. जिना चढा आणि विचारा. वर जी झोपलेली असते ना, तिला त्या वेळी काहीच विचारता येत नाही.