रस्त्याकाठचे भुंगे

अंदमानातल्या गेंड्या भुंग्यांचा नकाशा संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात लागला आणि माझं डोकंच फिरलं. खाली व्यंकटराव सरांनी लिहिलं होतं की हा भुंगा फक्त रस्त्याकाठी राहतो, जंगलात नाही.

"सर, आपण जंगलात गेलोच कुठं? तुम्हाला भात चालत नाही, म्हणून पोळी मिळेल तिथंच उतरलो. ती सगळी गेस्ट हाउसं रस्त्यावरची. तिथंच दिवा लावून चादर टांगली आणि उजेडाला आलेले भुंगे धरले. उद्या जंगल तोडणारे हाच नकाशा पुढं करतील."

"जंगलात जळवा लई असतात, नीरजा," सर शांतपणे म्हणाले.

मी मार्कर घेतला, नकाशाचं शीर्षक खोडलं आणि लिहिलं: 'अंदमानात सरांना पोळी कुठं कुठं मिळाली.'