मागून काढलेला फोटो

ॲश्लिनने झेंडूचा हार क्रुसाभोवती आणखी एकदा गुंडाळला, चार पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा पुढे येऊन सैल केला. मग परत घट्ट केला. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

पिएदाद ओट्यावर रताळी धूत बसली होती. सुनेचा हा खेळ ती बराच वेळ गुपचूप बघत होती.

"गो, तेका थंडी वाजता काय? किती गुंडाळतलंस?"

"मांय, फोटोत आसा तसाच दिसाक होया."

"फोटो मागसून कित्याक काढलंस, ताच माका कळूक नाय."

ॲश्लिनने हाराचं टोक आत खोचलं. कारण द्यायचं म्हटलं असतं तर लांबण लागली असती, आणि पाहुण्यांची गाडी कुडाळ स्टेशनवरून निघालीसुद्धा होती.

देवबागच्या या घराला गावात सगळे लुईसचं घर म्हणतात. पिएदादचा नवरा लुईस जाऊन वर्षं लोटली तरी नाव तेच. पाहुणे मिळवायला मोबाइलवर मात्र त्याच घराची चार बारशी झाली होती आणि चारही ॲश्लिनने केली होती. लग्नाआधी ती गोव्यात एका हॉटेलच्या बुकिंगवर होती, त्यामुळे कुठलं माणूस कशाला भुलतं हे तिला तोंडपाठ होतं. पुण्याच्या लोकांना 'आजीचं घर' दाखवायचं आणि अस्सल हा शब्द दोनदा लिहायचा. बंगळूरच्या मुलांना समुद्र नंतर, आधी इंटरनेट. परदेशी माणसाला 'कासा पिएदाद' आणि माडांना बांधलेला झोपाळा. आणि गुजरातसाठी 'आंगन'. तिथे सगळ्यात आधी स्वयंपाकघर, मग बाकीचं जग. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं धंद्यातलं बायबल होतं असं म्हटलं तरी चालेल. फक्त प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मूठ वेगळी झाकायची.

'आंगन'च्या फोटोत अंगणातला लुईसचा क्रूस होता, पण मागून काढलेला. खाली चौकोनी चौथरा, मध्ये दिव्याचा कोनाडा, वर भरगच्च हार. हा चौथरा गावच्या गवंड्याने, दाजी मेस्तने, बांधला होता, आणि शेजारच्या सीतेचं तुळशीवृंदावनही त्याच्याच हातचं. दाजीला येत होता तो एकच नमुना, तो त्याने दोन्ही अंगणांत उभा केला. एकावर तुळस लागली, दुसऱ्यावर वीतभर क्रूस. हार चढला की मागून बघणाऱ्याला दोन्हींत फरक कळायचा नाही. ॲश्लिनने फोटोखाली तुळस असं कुठेही लिहिलं नव्हतं. खोटं म्हणून एक अक्षर नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. भावनगरचा जितेंद्र त्या फोटोवरच गळाला लागला. आईला, बायकोला आणि मुलींना घेऊन पाच दिवस येतो म्हणाला, आणि पसंत पडलं तर आमची मंडळी दर थंडीत तुमच्याकडेच उतरतील, असंही म्हणाला.

या शेवटच्या वाक्यावर ॲश्लिनचा सगळा जीव टांगलेला होता. नवरा ब्रॅंडन जहाजावर होता. मागच्या खेपेला निघताना तो म्हणाला होता, घर असंच भरत राहिलं तर मी पुन्हा जहाज धरणार नाही. तेव्हापासून प्रत्येक बुकिंग तिला त्याच्या परतीचं तिकीट वाटायचं. 

परवा जितेंद्रचा निरोप आला. बा, म्हणजे त्याची आई, प्रवासाला तयार नव्हत्या, देवऊठी अगियारसला, आपल्या कार्तिकी एकादशीला, त्यांना तुळशीपुढे दिवा लावायचा असतो. पण फोटोतला तुळशीक्यारा बघून हो म्हणाल्या. ॲश्लिनने तो निरोप कितीतरी वेळा वाचला. शेवटी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मग सीतेकडे जाऊन चार मंजिऱ्या मागून आणल्या.

"कित्याक गो तुका तुळस?" सीतेने विचारलं होतं.

"काढ्याक," ॲश्लिन म्हणाली होती. त्या मंजिऱ्या आता हारात खोचलेल्या होत्या.

"मांय, आणि एक. ते इले की तू क्रुसाकडे जाव नको."

पिएदादचे हात रताळ्यांवर थांबले.

"लुईस वादळातसून जिवंत परत इलो, म्हणान बांदलो हो क्रूस. लपवूक नाय बांदलो."

"फक्त पाच दिस, मांय. मगे सगळा पयल्यासारखा."

पिएदाद पुन्हा रताळी चोळायला लागली. तिने तिच्या परीने या पाच दिवसांसाठी काय कमी केलं होतं? मासळीची सगळी भांडी मागच्या मांगरात, परसातल्या खोपटात, नेऊन ठेवली होती. मालवणच्या बाजारातून नवी पातेली, नवा तवा, नवी विळीसुद्धा आणली होती. स्वयंपाकघर धुऊन काढताना तिची कंबर धरली होती. चार दिवस तिने मासळीला हात लावला नव्हता. मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या बाईने हे करणं म्हणजे चेष्टा नव्हे. बिचारं मांजर तर वेड लागल्यासारखं घरभर फिरत होतं, पाटावर चढत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ओरडत होतं.

गाडी मागच्या पाणंदीने आली. ॲश्लिनने ठरवलंच होतं तसं. पाहुण्यांच्या खोल्या मागच्या बाजूला, तिथून चौथऱ्याची पाठच दिसायची. क्रुसाचं तोंड समुद्राकडे.

बा अंगाने लहानशा, पण गाडीतून उतरल्या त्या कुणाचा हात न धरता. त्यांनी अंगण डोळ्यांखालून घातलं आणि चौथऱ्यापाशी येऊन नजर थांबली.

"बेटा, यही है ना, फोटोवाला?"

"हां, बा," ॲश्लिन म्हणाली. तिने लगेच बॅगा उचलल्या.

जेवणं छान झाली. पिएदादने डाळ केली होती, भेंडीची भाजी, सोलकढी. बांना उपास, म्हणून उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याचं कूट. जितेंद्रने डाळ दोनदा मागून घेतली. बांनी रताळं खाऊन पिएदादकडे बघत मान हलवली, आणि भाषा न कळणाऱ्या त्या दोन बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एरवी ॲश्लिनने हा क्षण मोबाइलमध्ये टिपला असता. आज तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. वारा सुटला होता आणि हार हलत होता.

दुपारभर ती आतबाहेर करत राहिली. एकदा हार नीट करायला गेली तर मुली झोपाळ्यावर, परत आली. एकदा वाटलं, सरळ जाऊन बांना सांगावं. ओठापर्यंत शब्द आले, तेवढ्यात जितेंद्र म्हणाला की त्याने घरचे फोटो मंडळींना पाठवलेत आणि सगळे खूश आहेत. शब्द परत गिळले गेले. ब्रॅंडनचा निरोप आला, 'पाहुणे इले?' तिने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं आणि फोन उपडा ठेवला.

तिन्हीसांज झाली. शेजारी सीतेच्या अंगणात वृंदावन रंगवून तयार होतं, उद्यापासून तुळशीची लग्नं. बा नवी साडी नेसून बाहेर आल्या. हातात पितळेचा छोटा दिवा, तुपात भिजवलेली वात. सगळं भावनगरहून बरोबर आणलेलं.

"बा, हवा बहुत है," ॲश्लिन पुढे झाली. "यहीं बरामदे में लगा लीजिए ना."

"हवा तो हमारे यहां भी होती है," बा हसून म्हणाल्या आणि त्यांनी वात पेटवली.

ज्योतीभोवती हाताची ओंजळ धरून त्या अंगणात उतरल्या. मागे जितेंद्र, त्याची बायको, मुली. चौथऱ्याशी पोचून बांनी प्रदक्षिणेला सुरुवात केली. ॲश्लिन ओट्यावरच्या खांबाला धरून उभी होती.  पिएदाद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बा वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेल्या. तुळशीला हात लावून नमस्कार करावा म्हणून त्यांनी हार हळूच बाजूला सारला.

 झोपाळ्याची दोरी तेवढी करकरत होती.

बा किती तरी वेळ क्रुसाकडे बघत होत्या. मग हारातली एक मंजिरी त्यांच्या हाताला लागली. ती त्यांनी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि ॲश्लिनकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं ॲश्लिनला फार नंतरपर्यंत वाटत राहिलं.

पेटवलेला दिवा फुंकायचा नसतो. बांनी वळसा पुरा करून तो मागच्या कोनाड्यात ठेवला, वारा लागणार नाही असा आत सरकवला, आणि क्रुसाला हात जोडले. मग त्या ओट्यापाशी आल्या.

"बा, माफ करना," ॲश्लिन म्हणाली. "तुलसी बाजू में ही है. सीता काकी के आंगन में. मैं ले चलती हूं."

"मैं खुद जाऊंगी. उन्होंने मुझे कोई फोटो नहीं दिखाया."

"बा, हम क्रिश्चन हैं इसलिए..."

"उसमें क्या है?" बांचा आवाज जराही चढला नाही. "भगवान के घर से मुझे क्या तकलीफ? तू मुझे सीधा बताती तो भी मैं आती. पर तूने यह छुपाया. तो रसोई में क्या-क्या छुपाया होगा, अब मैं कैसे जानूं?"

जितेंद्रने नकळत हात पोटावर ठेवला. त्याच्या बायकोने धाकटीला जवळ ओढलं.

पिएदादला हिंदी फारशी येत नव्हती, पण 'रसोई' कळलं. ती आत गेली आणि डाळीचं पातेलं उपडं धरून बाहेर आली. बुडावर दुकानाचा कागद अर्धा करपून अजून चिकटलेला होता.

"बाई, नवी आसत. सगळी नवी. मासळी मांगरात सुदीक नाय."

बांनी पातेल्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पिएदादचा हात हातात घेतला.

"आप सच बोलती होंगी, बहन. पर अब मेरा मन नहीं मानेगा."

त्या सीतेच्या अंगणात गेल्या. सीतेने रांगोळीवरून पदर सावरत त्यांना वाट दिली. इकडे जितेंद्र फोनवर मालवणात खोल्या शोधत होता. तो भला माणूस होता. जाताना नीट निरोप घेतला, जेवण चांगलं होतं असंही म्हणाला, फक्त म्हणताना ॲश्लिनकडे न बघता मुलींच्या चपला शोधत राहिला. मंडळींबद्दल त्याने काही काढलं नाही, आणि ॲश्लिनलाही विचारायचा धीर झाला नाही.

गाडी पाणंदीतून दिसेनाशी झाली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. स्वयंपाकघरात पाच दिवसांची भाजी होती, भिजवलेली डाळ होती, नवी विळी होती. ॲश्लिन ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडली. आपण खरं लपवायला एवढी धावपळ केली आणि त्यापायी मांयचं खरं काम खोटं ठरलं, हेच तिला राहून राहून टोचत होतं.

पिएदाद अंगणात गेली. तिने क्रुसावरचा हार वेढा वेढा करून उतरवला आणि चौथऱ्याच्या पायाशी ठेवला. मंजिऱ्या तेवढ्या वेचून वेगळ्या केल्या. मग रोजच्यासारखी मेणबत्ती आणायला आत जायला निघाली आणि कोनाड्यातला दिवा बघून थांबली. तूप बरंच होतं. तिने पदर आडवा धरला आणि खालीच बसली.

"माका इचारलं असतंस, तर मी तेंका हात धरून सीतेकडे नेलं असतंय," ती म्हणाली. आवाजात बोल लावणं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

"चुकलंय, मांय."

"ब्रॅंडनाक सांग. आज काय झाला ता सगळा सांग."

ॲश्लिनने फोन हातात घेतला. अंगठा वर केलेलं ते चित्र तिथे तसंच होतं. आता काय लिहावं म्हणून तिने मान वर केली, तर समोर चौथरा, कोनाड्यात पितळेच्या दिव्याची पिवळी ज्योत, पाठमोरी बसलेली मांय आणि मांडीशी येऊन एकदाचं गप्प झालेलं मांजर. सवय वाईट. तिचं बोट आपसूक कॅमेऱ्याकडे गेलं. दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली आणि तिने फोन मांडीवर पालथा घातला.

पिएदादने वळूनही पाहिलं नव्हतं.

"काढ गो फोटो," ती म्हणाली. "पण फुडसून काढ."

ॲश्लिनने डोळे पुसले. मग उठली आणि चौथऱ्याला वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेली.