गवंड्याला एकच चेहरा

पणजीत कुठे चार शिकलेली माणसं जमली आणि हातात माईक आला, की रुद्रेश परब साचेबंद पात्रांवर घसरायचा. "बाहेरच्यांना गोव्याचा माणूस म्हटला की हातात गिटार, डोक्यावर हॅट आणि शेजारी फेणीची बाटली लागते," असं म्हणून तो पाण्याचा घोट घ्यायचा आणि लोकांचं हसून होईपर्यंत थांबायचा. दीपा गावडेने हे भाषण इतक्यांदा ऐकलं होतं, की घोट कुठे येणार तेही तिला पाठ झालं होतं. तरी ती टाळ्या वाजवायची, आणि मनापासून वाजवायची. बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणारा माणूसही खराच असतो असं तिला तेव्हा वाटायचं.

दोघं मिळून एक गेम करत होती. बंदुका-गाड्यांचा नव्हे. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्याला. मागे गावाचं चित्र, पुढे एक पात्र उभं, खालच्या पट्टीत त्याचं बोलणं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं. कादंबरीच म्हणा, फक्त पात्रांना तोंडं असलेली. लिहायचं रुद्रेशने, तोंडं काढायची दीपाने, एकेका पात्राचे रागाचे, हसण्याचे, रुसण्याचे वेगवेगळे चेहरे. कथा इब्रामपूरची, म्हणजे रुद्रेशच्याच पेडणे तालुक्यातली. शेवंती नावाची मुलगी बँकेतली नोकरी सोडून गावी येते आणि डोंगरावर बंगले बांधू बघणाऱ्या बिल्डरला भिडते. काम चालायचं म्हापशाच्या बसस्टँडजवळ, एका पदेराच्या दुकानावरच्या खोलीत. भट्टीतले पाव बाहेर पडले की वास जिन्यावरून वर यायचा आणि दोघांचंही कामावरचं लक्ष उडायचं.

दहा महिने दीपा रोज डिचोलीहून बसने यायची. पैसे बेताचेच होते. पण गेम संपल्यावर पडद्यावर नावं येतात, तिथे तिचं नाव येणार होतं, 'पात्रांची चित्रं: दीपा गावडे'. आजवर तिने लग्नपत्रिका काढल्या, क्लासवाल्यांच्या जाहिराती काढल्या, एका हॉटेलच्या भिंतीवर मासे काढले. नाव कुठेच नव्हतं. या एका ओळीसाठी ती शेवंतीच्या भुवया पुनःपुन्हा पुसून काढायची.

पैसा लावणारी कंपनी पुण्याची. तिथल्या शुभांगी मॅडमना शेवंतीच्या बापाच्या हातात गिटार हवी होती, म्हणजे बघताक्षणी गोवा कळेल. तेव्हा रुद्रेश जो तापला तो बघण्यासारखा होता. "मॅडम, पेडण्यातला शेतकरी गिटार वाजवत नाही. तो देवळात भजनाला बसतो, आणि पखवाज दुसऱ्याला दिला तर रुसतो," असं त्याने व्हिडिओ कॉलवर सुनावलं. मॅडम वरमल्या. नुसत्या वरमल्या नाहीत, भारावल्या. तेव्हापासून त्या प्रत्येक वाक्यात 'ऑथेंटिक' म्हणू लागल्या, आणि रुद्रेशला वाटू लागलं की अख्ख्या गोव्याची अब्रू आपल्या खिशात आहे.

मग एका शुक्रवारी त्याने नव्या पात्राचं टिपण दीपाकडे पाठवलं. बिल्डरकडचा गवंडी. फाइलचं नाव 'घाटी १'.

दीपाने ते वाचलं आणि खुर्ची फिरवली. "एकूच चेहरो?" तिने विचारलं.

"पुरो मगे," रुद्रेश मान वर न करता म्हणाला. "घाटी गवंड्याक आणखी कितें जाय? तंबाखू, किडलेले दांत, वायट नजर. शेवंतीची कोंबी चोरता आनी वता."

"शेवंतीक अकरा आसात. कुत्र्याक तीन आसात."

"कुत्रो चार प्रसंगांक येता," रुद्रेश म्हणाला, आणि त्याला आपलं उत्तर आवडलंही. "अगे, तुका काय सांगूक जाय? तू आमचीच. डिचोलेंत तर भरल्यात ते. बघ खंयचोय एक आनी काढ."

तू आमचीच. गावडे हे आडनाव डिचोलीतही आहे आणि कोल्हापुराकडच्या चंदगडातही. रुद्रेशने कधी विचारलं नाही, कारण तिची कोंकणी त्याच्यापेक्षा चोख होती. तिनेही कधी सांगितलं नाही. शाळेत घाटावरच्यांना हिणवणारा 'घाटी' शब्द कानावर आला की पोरांबरोबर आपणही हसून घ्यायचं, ही सवय तिला लहानपणापासूनची. त्या दिवशीही तिने हसून घेतलं आणि खुर्ची परत फिरवली. बसमध्ये मात्र स्वतःचा इतका राग आला, की कंडक्टरने उरलेले सुटे पैसे पुढे केले तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली.

घरी आप्पा टीव्हीसमोर होते. भैरू गावडे, गोवा राज्य झालं त्या साली चंदगडहून डिचोलीत उतरले, आधी गवंड्याच्या हाताखाली, मग औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर. कष्टाळू, सोशिक, पापभीरू वगैरे काही नव्हते हो. एक नंबरचे चिकट. वर्गणीवाले दारात दिसले की डोळे मिटून घोरायला लागायचे. मासळीवालीशी भांडून घेतलेल्या बांगड्यांची फुशारकी जेवून हात धुवेपर्यंत चालायची. शेजारच्या खोल्यांत ओडिशाची पोरं राहायला आल्यापासून त्यांना नवा धंदा मिळाला होता. "बघ कशी पाणी सांडत्यात," ते आत्ताही सांगत होते. "असलीच ती. त्यास्नी काय पडलंय? मी राज्य झालं तवापास्नं हितं हाय, पर कुणाच्या नळाला हात लावला न्हाई." हे धादांत खोटं होतं.

दीपाने त्यांच्याकडे बघत पेन्सिल घेतली. घोरण्याचं सोंग करणारे आप्पा. बांगडा हुंगून संशय घेणारे आप्पा. भजनात आपली पाळी चुकवली म्हणून गाल फुगवून बसलेले. स्वतःच्याच विनोदावर खूश झालेले. दीपाच्या आईच्या आजारपणात सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून, आपल्याला काही झालंच नाही असं भासवणारे. काढता काढता रात्रीचं जेवण राहिलं आणि चेहरे अकरा झाले. सगळे तिला आवडले. एकही देखणा नव्हता.

सोमवारी ते सगळे तिने रुद्रेशपुढे ठेवले. तो हसला, मग एकेक निरखून बघू लागला. चित्रं चांगली आहेत हे त्यालाही नाकारता येईना.

"हो कोण?"

"म्हजे आप्पा," दीपा म्हणाली. "चंदगडचे. तुजो घाटी एक."

रुद्रेशचा चेहरा उतरला, आणि दीपाला वाटलं, आता हा माफी मागणार. माफी मागितली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती, कारण ती क्षमा करायला तयारच बसली होती. पण या माणसाला कशातूनही आपला फायदा दिसायचाच. दोनच क्षणांत त्याचे डोळे चमकू लागले. "दीपा, अगे, हें आधीं कित्याक सांगूंक ना? हें तर सोनें!" आणि त्याने तिथल्या तिथे शुभांगी मॅडमना कॉल लावला. मॅडमनी छातीवर हात ठेवला. स्थलांतरिताची लेक, आणि तीच चित्रकार, किती पॉवरफुल आहे हे, असं त्या म्हणाल्या. दीपा समोर बसली होती, पण तिच्याशी कोणीच बोलत नव्हतं. दोघंही तिच्याविषयी बोलत होती.

आठवड्याभरात नवं लिखाण आलं. कोंबडीचोर गेला होता. त्याच्या जागी रामू आला होता. रामू पहाटे उठून सूर्याला हात जोडायचा. रामू मालकाने हाणलं तरी हसायचा. रामू संध्याकाळी दगडावर बसून आईच्या भाकरीची आठवण काढायचा आणि शेवंतीला म्हणायचा, "ताई, आम्ही गरीब, पण मनाने श्रीमंत." शेवटी भिंत कोसळते आणि रामू शेवंतीला ढकलून स्वतः खाली सापडतो. मरताना हसतो. अकरा चेहऱ्यांपैकी रुद्रेशने दोन ठेवले होते, एक दुःखी आणि एक हसरा, आणि हसऱ्याचा संशयी डोळा 'थोडा मऊ कर' अशी सूचनाही केली होती.

दीपाने शेवटपर्यंत वाचलं आणि तिला शिसारी आली. "याच्यापेक्षा तो कोंबडीचोर बरा होता," ती म्हणाली. रागात ती मराठीवर आली, भाषणातल्या मराठीवर नव्हे, घरच्या. "त्याला निदान कोंबडीची हाव तरी होती. याला कशाचीच नाही. हा चिकट का नाही? शेवंतीच्या बापाशी पाण्यावरनं भांडत का नाही? खोटं का बोलत नाही?"

"तसं दाखवलं तर लोकांना वाईट वाटेल," रुद्रेश म्हणाला. तोही मराठीवर आला, आणि दीपाच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलतोय. "तुमच्या लोकांना."

"माझा बाप चिकट आहे, भांडखोर आहे आणि थापाड्या आहे," दीपा म्हणाली. "ते त्याचं त्याने कमावलंय. त्यात चंदगडचा काही वाटा नाही."

रुद्रेशने समजूतदारपणे मान हलवली. असली मान हलवणारी माणसं ऐकत नसतात, आपली पाळी येण्याची वाट बघतात. "म्हणून तर तुझं नाव मोठं करतोय," तो म्हणाला, आणि नावांचा पडदा उघडून दाखवला. सगळ्यात वर होतं, 'सांस्कृतिक सल्लागार: दीपा गावडे, चंदगड'. चित्रांची ओळ खाली, बारीक अक्षरात. "आता रामूवर कोणी बोट ठेवणार नाही. तू आहेस ना."

हे मात्र तो अगदी प्रामाणिकपणे बोलला, आणि दीपाला त्याची घाण वाटली ती तेव्हाच. डोक्यावर हॅट ठेवली म्हणून गावभर बोंबलणारा हा माणूस, स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवत होता आणि वर उपकारही मोजत होता.

"माझं नाव काढ," ती म्हणाली.

"सल्लागाराचं? बरं. चित्रांवर ठेवू."

दीपाला 'हो' म्हणायचं होतं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता. शेवंतीचे अकराही चेहरे तिचे होते, त्यावर नाव असणं हा तिचा हक्क होता, आणि तो मागायला कोणाची भीडही नव्हती. मग रुद्रेश स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तसं कुठेही असलं तरी चालेल. विचारलं कोणी, तर मी सांगेनच की चित्रकार त्यांच्यातलीच आहे."

"कुठेच नको," दीपा म्हणाली. "चित्रांवरही नको."

"खुळी जाली गो तूं?" तो परत कोंकणीवर आला. राहिलेले चेहरे दीपाने ठरल्याप्रमाणे पुरे केले, पैसे घेतले आणि म्हापशाची बस कायमची सोडली.

गेम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पेपरात आलं, गोव्यातल्या परप्रांतीय कष्टकऱ्याचं इतकं अस्सल चित्रण आजवर झालं नव्हतं. पणजीच्या भाषणात रुद्रेशने गिटारीनंतर रामूचा परिच्छेद घातला, आणि पाण्याचा दुसरा घोट.

डिचोलीत आप्पांनी कारखान्याच्या गेटवर, चहावाल्याकडे, न्हाव्याकडे, सगळीकडे आधीच सांगून ठेवलं होतं की पोरीचं नाव मोबाइलमध्ये येणार. सुट्टीच्या दिवशी त्यांनी तो गेम पदरचे पैसे मोडून घेतला. या माणसाने पदरचे पैसे मोडले, यावरून काय ते समजा. दुपारभर ते खुर्चीत बसून एकेक उत्तर निवडत राहिले. भिंत कोसळली तेव्हा दीपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आप्पा चक्क रडत होते.

"माझ्यावरनं काढलास न्हवं ह्यो?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "वळखला मी. आमचं लोक असंच बग. मनानं श्रीमंत. न्हाईतर ही बाजूची ओडिशावाली."

दीपाला आधी हसू आलं, मग नको झालं. पडद्यावर नावं येऊ लागली. आप्पा मोबाइल डोळ्यांजवळ धरून एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत होते. लेखक रुद्रेश परब. निर्मिती शुभांगी अमकी. संगीत, भाषांतर, आभार, देवस्थानचे आभार, कुत्र्याच्या मालकाचे आभार.

"तुजं कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"न्हाई म्हंजे?" त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. मग मोबाइल मांडीवर ठेवला, आणि त्यांचा चेहरा लालेलाल झाला. "गाळलं. घाटी म्हणून गाळलं. तरी मी म्हणत हुतो. पेडण्याचं लोक समदं असलंच."

"मीच काढायला सांगितलं, आप्पा."

"आपलं नाव कोण आपल्या हातानं काढतं व्हय?" आप्पा हळू आवाजात म्हणाले. "खरं सांग. काय बोलला तुला त्यो?"

दीपाने सांगायला तोंड उघडलं, रामूविषयी, अकरा चेहऱ्यांविषयी, पण समोर रामूसाठी रडून डोळे सुजलेला बाप बसला होता. तिला रडू फुटलं. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या रडण्याचाही त्यांनी आपल्याला हवा तोच अर्थ लावला.