दोन देशांच्या गावातून आलेली पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, तुमच्यावरही माझा विश्वास नाही. मित्रांनो, रागावू नका. तुम्ही हात मागे बांधून माझी गोष्ट ऐकायला बसलात, की माझ्या मनात पहिला विचार येतो, यांच्या हातात काय आहे? माझा जन्मच तसल्या कामासाठी झाला. त्याला मी तरी काय करू?

आज मी सुरतेत डिंडोलीला राहते, पण माझे मूळ गाव फार लांब आहे. बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक मोठे तळे होते आणि तळ्याच्या काठी एक लहानसे गाव. एका टोकाला कुणी शिंकले तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावे, एवढेच. त्या गावाच्या मधोमध एक ओढा वाहत येऊन तळ्याला मिळे. ओढ्याच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा देश. एवढ्याशा गावाला नगरपालिका दोन, नगराध्यक्ष दोन, टपालाची तिकिटे दोन तऱ्हेची. चर्च मात्र एकच, ते अलीकडे, आणि स्मशान पलीकडे. त्यामुळे माणूस मेला की त्यालाही परदेशी जावे लागे. लोकांची भाषा एक, आडनावे तीच, नातीगोती ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. तळ्यातल्या माशांना तर देश कुणी विचारतच नसे.

ओढ्यावर एक पूल होता आणि पुलावर तपासणीचा नाका. नाक्यावरच्या साहेबाने मला गावच्या लोहाराकडून बनवून घेतले. जाड पत्रा, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पुढे भक्कम कडी. चोरून नेलेला माल पकडला की तो माझ्या पोटात टाकायचा, हे माझे काम. काय काय पाहिले मी तिथे! चहाच्या डब्यात घड्याळे, बाळाच्या दुपट्यात सिगारेटी, पावाच्या पोटात चांदीचे चमचे. एक बाई पुलावरून लठ्ठ होऊन जाई आणि बारीक होऊन परत येई. साहेबाने तिच्या पोटावरून रेशमी कापडाचे गुंडाळे सोडवले तेव्हा ती स्वतःच हसत सुटली. साहेब माझ्या झाकणावर थाप मारून म्हणे, "ही आहे म्हणून नाका आहे." तेव्हा मला केवढा अभिमान वाटे! गोड बोलणाऱ्याची पिशवी आधी उघडावी, हे मी तिथेच शिकले.

पण मित्रांनो, त्या गावात संशय फक्त नाक्यावर राहिला नाही. तो घराघरात शिरला. अलीकडे कोंबडी हरवली की ती पलीकडच्यांनीच खाल्ली म्हणत. पलीकडचे म्हणत, अलीकडचा पाववाला वजनात मारतो. दोन बहिणी होत्या, पुलाच्या दोन तोंडांना राहणाऱ्या. आईच्या तांब्याच्या कढईवरून त्यांच्यात वाद झाला. एकीने दुसरीवर चोरीचा आळ घेतला आणि साहेबाने कढई जप्त करून माझ्या पोटात ठेवली. खरे काय ते कळेपर्यंत ती तिथे राहायची होती. दोघींपैकी कुणीही ती न्यायला आले नाही, आणि त्या दोघी मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या कढईचा गारवा मला अजून आठवतो.

पुढे त्या दोन देशांचे सूत जमले आणि नाका उठला. मला कुणी विचारीना. मग गावातल्या रेशमाच्या गिरणीने मला नेले आणि माझ्यात मागांचे सुटे भाग भरले. काही वर्षांनी गिरणीही बंद पडली. तिचे जुने माग सुरतेच्या एका शेठने विकत घेतले आणि त्यांच्याबरोबर मी जहाजात चढले. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या त्याच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षे पाने, स्प्रिंगा आणि तेलकट चिंध्या सांभाळल्या. शेवटी ते माग भंगारात निघाले. तेव्हा शेठ आपल्या जुन्या कारागिराला म्हणाला, "आ पेटी तू लई जा, निंबाभाई." फुकट? माझ्या पोटात लगेच शंका आली. पण निंबाने मला खांद्यावर घेतले, घरी आणून चिंचेने माझ्या पितळी पट्ट्या घासल्या आणि बिजागरीला तेल दिले. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

निंबा आणि त्याची बायको सुभद्राबाई खानदेशातले. त्यांची मुले लग्ने होऊन आपापल्या घरी गेली होती. डिंडोलीतली त्यांची खोली लांबलचक होती, म्हणून पुढच्या भागात आणखी एक कुटुंब राहायला आले. आनंदा, त्याची बायको रुक्मिणी आणि त्यांची लहानगी पूजा. ही माणसे मराठवाड्यातली, जालन्याकडची. दोन घरांच्या मधे एका जुन्या साडीचा पडदा लावला आणि पडद्याखाली मला ठेवले. म्हणजे बघा, इतकी वर्षे सीमेवर नोकरी केली आणि म्हातारपणी मीच सीमा झाले.

मी दोन्हीकडे कान लावून बसले. पण या बायकांचे काही वेगळेच होते. रुक्मिणी माझ्या झाकणावर साड्या पसरून त्यांना खडे चिकटवी आणि सुभद्राबाई शेजारी बसून लसूण सोली. एकीची भाजी दुसरीच्या ताटात गेल्याशिवाय जेवण होत नसे. पूजा सुभद्राबाईला आजी म्हणे, रुक्मिणी तिला अक्का म्हणे. निंबा आणि आनंदा एकाच कारखान्यात, पण एक दिवसपाळीला तर दुसरा रातपाळीला, त्यामुळे दोघांची गाठ दारातच पडे. हे सगळे मला फार गोड वाटू लागले होते आणि म्हणूनच मी सावध होते.

मग श्रावण आला. खानदेशातल्या घरांतून श्रावणात एका रविवारी कानबाई बसवतात आणि सोमवारी तिला पाण्यात सोडतात. निंबा आणि सुभद्राबाई त्यासाठी दरवर्षी गावी जात. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी देवी सुरतेच्या खोलीत बसवली. रुक्मिणीने हौसेने पडदा वर गुंडाळला, फरशी धुतली, दारात रांगोळी काढली. खानदेशातले सगळे कारागीर सुट्टीवर गेल्यामुळे कारखान्यात माणसे कमी पडली. निंबाचे माग बंद राहू नयेत म्हणून आनंदाने आपली पाळी करून वर त्याचीही पाळी करायचे कबूल केले.

सोमवारी पहाटे सुभद्राबाईने माझे झाकण हळूच उघडले. तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेले काहीतरी होते. ते तिने माझ्या तळाशी ठेवले. कणकेचा आणि तुपाचा वास आला. जाडजाड पोळ्या होत्या. तेवढ्यात रुक्मिणी उठून आली. सुभद्राबाई दचकली, तिने धाडकन झाकण पाडले आणि कुलूप लावले.

मित्रांनो, मी कान टवकारले. पोळ्या कुणी कुलपात ठेवते का? पोळ्यांच्या पोटात काय काय असू शकते, हे मला चांगले ठाऊक होते.

निंबा आणि सुभद्राबाई देवी घेऊन वाजतगाजत डिंडोलीच्या तळ्यावर गेले. इकडे रुक्मिणीने फळीवरची कुंकवाची जुनी डबी पाहायला हात घातला, तर डबी जागेवर नव्हती. त्या डबीत तिच्या मंगळसूत्रातले डोरले होते. दोरा तुटला होता, म्हणून ते गाठवून घ्यायचे होते. तिच्या लग्नात तिच्या आईने स्वतःच्या गळ्यातले काढून दिलेले डोरले होते ते, आणि आई आता नव्हती. रुक्मिणीने भांडी उपसली, अंथरुणे झटकली, तांदूळ परातीत ओतून पाहिले. आनंदाला फोनवर फोन केले. मागांच्या खडखडाटात फोन कुणाला ऐकू येणार? मग ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. नाक्यावरच्या साहेबाची नजर अशीच असे.

सुभद्राबाई परत आली तेव्हा तिचे पाय ओले होते आणि कपाळभर कुंकू होते. रुक्मिणीने विचारले, "सकाळी पेटीत काय घातलं ओ बाई तुम्ही?"

अक्काची बाई झाली, हे सुभद्राबाईला लगेच कळले. ती गडबडली. "काही नाही गं. घरचंच आहे."

"मग उघडून दावा. माझं डोरलं गेलंय."

सुभद्राबाईचा चेहरा उतरला. तिने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. निंबा मात्र भडकला. "उघाडू नको! चोर म्हनी रायनी ती आपले. देवना रोट शेतस, ते बाहेरना लोकस्ले दखाडतस का?"

रोट म्हणजे देवीसाठी केलेल्या त्या जाड पोळ्या. त्यांच्या घरात त्या परक्याला देत नसत, दाखवतही नसत. पण रुक्मिणीला अहिराणी नीट कळत नव्हती आणि रागात तर कुणालाच काही कळत नाही. तिने दोन साड्या, पूजाचे झबले आणि तवा एका गाठोड्यात बांधला. "मी सचिनला बहिणीकडं चालले. उद्या माणसं घेऊन येते. मग बघते पेटी कशी उघडत न्हाई ते." पूजा "आजी, आजी" करून रडू लागली. रुक्मिणीने तिला ओढून कडेवर घेतले.

मला फार वाईट वाटले. ही मुलगी आता दार ओलांडून गेली, की उद्या सगळ्या गल्लीत सुभद्राबाई चोर ठरणार होती आणि ती दोन घरे पुन्हा कधी एकत्र जेवणार नव्हती. हे सगळे मी एकदा पाहिले होते. पण खरे सांगते, मला ग्वाही देता आली असती तरी मी काय सांगितले असते? रोटांच्या आत काय आहे ते मलाही माहीत नव्हते.

सुभद्राबाईने कमरेची किल्ली काढली. निंबा आडवा आला. ती त्याला म्हणाली, "सरक. देवी रागावनी ते माले रागावी." आणि तिने माझे झाकण उघडले.

रुक्मिणी पुढे झाली. तिने फडके सोडले. एकेक रोट उचलून पाहिला. मग एक मोडला, दुसरा मोडला. आत नुसती भाजलेली कणीक होती. तिने माझ्या कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला. डोरले नव्हते. दुसरीकडे कुठे दडवले असेल, असे माझ्या मनात आलेच, आणि तिच्याही आले असणार. तिच्या भुवया तशाच चढलेल्या होत्या.

सुभद्राबाई मोडलेल्या रोटांकडे बघत खाली बसली. "तुले देता येत नही, म्हनीसन दपाडं गं. वरीसभर तुना ताटमा खाधं. आते तुनासमोर बसी मी एकलीच खाऊ? माले कसं वाटी?" मग तिला जाणवले की हे रुक्मिणीला समजायला हवे, आणि तिने डोळे पुसून पुन्हा सांगितले, "तुला देता येत नाही, म्हणून लपवलं. लाज वाटली मला."

सुभद्राबाईने मोडक्या रोटाचा एक तुकडा उचलून पुढे केला. "आते तुना हात लागना. आते तुले खानंच पडी."

निंबा बाजूला झाला. रुक्मिणीने त्या तुकड्याकडे पाहिले. डोरले सापडले नव्हते, पुरावा कसलाच नव्हता. मग तिने पूजाला खाली ठेवले, गाठोडे भिंतीशी सरकवले आणि तो तुकडा तोंडात घातला. रोट कोरडा होता. तिला घास उतरेना.

"अक्का, पाणी द्या," ती म्हणाली.

दिवस मावळताना आनंदा आला. केसांत धाग्यांची धूळ, डोळे लाल. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "हे घे तुझं डोरलं. काल सांच्याला कामावर जाता जाता डबीसकट उचलून बाजारातल्या पटवेकऱ्याकडं गाठवायला दिलं व्हतं. महिनाभर डोकं खात व्हतीस ना?"

"सांगून न्यायचं न्हाई व्हय?" म्हणून रुक्मिणी हुंदके देऊन रडू लागली. काय झाले ते आनंदाला कळेचना. निंबाची पाळी केली तिची भाकर कुठे आहे, एवढेच तो विचारत राहिला. निंबाने उठून त्याला ताट वाढले आणि सुभद्राबाईने नवे ओवलेले मंगळसूत्र रुक्मिणीच्या गळ्यात बांधले.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या आता कुरकुरतात आणि तळाला गंज धरला आहे. वर्षातून एकदा तेलाचे बोट फिरवलेत तर मी आणखी खूप वर्षे तुमच्या उपयोगी पडेन. आणि कुणी तुमच्यासमोर घाईने झाकण लावले, तर संशय जरूर घ्या, तो मीही घेते. पण गाठोडे बांधण्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा. माझ्यासारख्या पेटीला तोंड नाही, तुम्हाला आहे.

यंदाच्या श्रावणात सुभद्राबाई रोटांसाठी गहू काढायला बसली. त्यांच्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मुठीने गहू घेतात. आपली, नवऱ्याची, मुलानातवंडांची नावे घेऊन झाल्यावर तिने आनंदाचे नाव घेतले, मग रुक्मिणीचे, मग पूजाचे. रुक्मिणी घाबरून म्हणाली, "अक्का, आमच्या नावानं कशाला?" सुभद्राबाई म्हणाली, "तू सूप नीट धर." मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते, त्या तिघांच्या मुठी कमी भरते की काय म्हणून. सगळ्या मुठी सारख्या होत्या.