मला धुऊन काढलं त्यांनी

नाकाला रुमाल लावून लांब काय उभे राहिलात? या की जवळ! मी तुमच्याच गावची सांडपाण्याची टाकी बोलतेय. शिक्रापूरच्या पलीकडं, ओढ्याच्या काठी मला बांधलीय. तुमच्या न्हाणीघराचं, संडासाचं, कंपनीतल्या भाडेकरूंच्या खोल्यांचं सगळं पाणी माझ्या पोटात येतं. मी ते मुकाट गिळते. आणि वर घाण म्हणायचं ते मलाच!

मी नवी होते तेव्हा हर्षदा नावाच्या इंजिनिअर बाईंनी माझ्यात शेणकाला ओतला. माझी राखण करणारा गडी, पोपट, नाक मुरडत होता. बाई म्हणाल्या, "पोपट, यातले जंतू घाण खातात. त्यांना हवा देत राहा. तळाचा गाळ म्हणजे विरजण समज. ते टाकलंस तर दही लागायचं नाही."

नऊ महिने हवेचं यंत्र घरघरत राहिलं. पहिल्या महिन्यातच गाळ धरला आणि माझ्यातून ओढ्यात नितळ पाणी पडू लागलं. ओढ्याकाठी बानूबाईचं रान आहे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चाललेली बाई, आता शेवंती लावते. तिच्या विहिरीचा वास गेला. एकदा फुलांची पाटी टेकवून ती मला म्हणाली, "तुझ्यामुळं आमच्या म्हाताऱ्याला घरचं पाणी मिळालं गं बाई." एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

मग घटस्थापना जवळ आली. घरोघर वाकळा, डबे, भिंती धुणं सुरू झालं. त्यातच खबर आली, खंडेनवमीला तपासणीचे साहेब येणार. पाणीसमितीचे रोहिदासआबा माझ्यात डोकावले आणि ओरडलेच.

"पोप्या, ही काय कळा केलीय टाकीची! सायबांनी हा राडा बघितला तर अब्रू जाईल. धुऊन काढ समदी!"

"पर आबा, बाई म्हणल्या व्हत्या..."

"बाई बसल्यात पुण्यात. घर धुताना कोपऱ्यातली घाण ठिवतो का आपण?"

वा रे शहाणे! पंप लावून माझं नऊ महिन्यांचं विरजण ओढ्यात ओतलं. मला ब्रशनं घासलं, वर चुना मारला. तुमचं सांडपाणी थोडंच थांबलं होतं? ते माझ्यातून जसंच्या तसं ओढ्यात जाऊ लागलं. असा संताप झाला माझा, पण करते काय!

खंडेनवमीला मला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं. नारळ फोडून आबा हात जोडून उभे राहिले. तेवढ्यात बानूबाई तांब्या घेऊन आली.

"आबा, तीर्थ घ्या."

सवयीनं आबांनी हात पुढं केला. पाणी पडलं, वास सुटला, आणि आबांनी हात झटकला.

"का वो? आमच्या हिरीचं हाय. पयल्या दिशी कळलं न्हाई, म्हातारा हेच प्याला. पाच दिस जुलाबानं अंथरूण धरलंय त्यानं. प्या की आबा!"

पोपट खाली बघत होता. आबांनी बानूबाईकडं पाहिलं, मग फरशीवर सांडलेल्या पाण्याकडं.

"पोप्या, फडकं आण. पटकन पुसून घे. सायेब यायची येळ झाली."

बघितलंत? अशी ही माणसं! पुसलं की संपलं म्हणतात. मला हार नको, नारळ नको. पाटीभर शेण आणा, यंत्र चालू ठेवा, महिनाभर कळ काढा. आणि हात जोडते, पुन्हा मला धुऊ नका. नाही ऐकलंत तर तुम्ही द्याल ते मी तसंच पुढं ढकलणार. ओढा काही बानूबाईच्या विहिरीपाशी थांबत नाही. त्याच काठाला, चार रानं सोडून, तुमचीही विहीर आहे, रोहिदासआबा.