जपून ठेवलेला मजकूर

काशीत रामघाटावर राहणारी देवश्री एका महिला संस्थेच्या वेबसाइटचं काम घरूनच पाहायची. घरातल्या छळाच्या तक्रारीचा फॉर्म अर्ध्यात बंद केला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं, असं बायका सांगत. म्हणून तिने पान सोडलं तरी मजकूर त्याच फोनमध्ये जपला जाईल अशी सोय केली. संस्थेत तिचं कौतुक झालं.

आठवड्याने तिची शाळेतली मैत्रीण तेजश्री मुन्शी घाटाजवळच्या सासरहून पिशवी घेऊन आली. गालावर वळ होता.

"तुमच्याच संस्थेचा फॉर्म भरत होते," ती म्हणाली. "हे आले, म्हणून घाईने बंद केला. घरात फोन एकच. संध्याकाळी यांनी तेच पान उघडलं, तर माझं अक्षर न् अक्षर तिथे होतं."

"ती सोय मी केली, तेजू," देवश्री कशीबशी म्हणाली.

तेजश्रीने हातातली पिशवी खाली ठेवली. "मग आधी ती काढ."

देवश्रीने तिच्यासमोरच लॅपटॉप उघडला. सोय काढून टाकायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आणखी किती घरांतल्या फोनांत असा मजकूर उरला असेल, ते मात्र तिला कळणार नव्हतं.